न केलेल्या दौऱ्याचा भत्ता

मराठी माणसाच्या पोटाला आजवर बरीच कारणं लाभली. एके काळी ‘आमच्या घराण्याची ठेवणच अशी’ एवढ्यावर भागायचं. मग थायरॉइड आला. तो फार सोयीचा होता, कारण त्यात खाणाऱ्याकडे कुणी बोट दाखवत नसे. अडचण एकच, की तो तपासता येत असे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यावं आणि संध्याकाळी हातात रिपोर्ट पडावा, ‘सगळं नॉर्मल’. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून चेहरा पडलेली माणसं फक्त थायरॉइडच्याच रांगेत दिसतात. आता त्या रिकाम्या जागेवर कॉर्टिसोलची नेमणूक झाली आहे. हे ताणाचं हार्मोन. त्याची पातळी सकाळी एक आणि रात्री भलतीच, त्यामुळे एका चाचणीत ते निर्दोष सुटण्याची धास्ती नाही. लग्नाच्या बुफेत गुलाबजामची वाटी सावरत ‘माझं वजन खाण्यानं नाही हो, टेन्शननं वाढतं’ असं सांगणारे गृहस्थ आता प्रत्येक कार्यालयात भेटतात. त्यांना हसू नये. टेन्शननं वजन वाढतं हे त्यांचं म्हणणं खरं आहे. खाण्यानं वाढत नाही, एवढंच खोटं आहे. टेन्शन हवेतून चरबी पैदा करत नाही. ते माणसाला खायला बसवतं, काय खायचं ते सुचवतं, खाल्लेलं कुठे ठेवायचं तेही सांगतं. घास मात्र दर वेळी तोंडातूनच आत जातो.

आधी कॉर्टिसोलची बाजू ऐकून घेऊ, कारण सध्या त्याची वकिली करायला कुणी उरलेलं नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. कॉर्टिसोल तिथे तयार होतं. पहाटे ते वाढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कळस गाठतं आणि दिवसभर उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाशी जातं. रक्तात साखर पुरेशी ठेवणं, रक्तदाब सांभाळणं, सूज आवरणं ही त्याची रोजची कामं. थॉमस ॲडिसन या इंग्रज डॉक्टरांनी १८५५ साली ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात या ग्रंथी निकामी होतात आणि कॉर्टिसोल बनेनासं होतं. असा रुग्ण खरोखरच बारीक होतो. पण त्याला उभं राहण्याचं त्राण नसतं, रक्तदाब कोसळतो आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर जीव जातो. तेव्हा ‘कॉर्टिसोल पळवून लावा’ म्हणत कसलीशी पावडर विकणाऱ्यांना आपण काय पळवून लावतो आहोत याची कल्पना नसावी, असंच समजायचं.

भानगड होते ती ताणाच्या वेळी. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन मांजरांच्या पोटाची हालचाल क्ष-किरणांखाली पाहत असत. मांजर बिथरलं की जठराचं काम जागच्या जागी थांबतं, हे त्यांच्या लक्षात आलं. राग, भीती आणि वेदनेच्या वेळी शरीरात काय उलथापालथ होते, यावर १९१५ साली त्यांचं पुस्तक निघालं. संकट समोर उभं असताना पचनावर ताकद घालवायची नाही, असा शरीराचा नियम. ॲड्रिनालिन सुटतं, काळीज धडधडतं, साखर रक्तात उतरते आणि प्राणी एक तर भिडतो नाही तर पळत सुटतो. कॉर्टिसोल मागाहून येतं आणि रेंगाळतं. साखरेचा पुरवठा चालू ठेवायचा आणि संकट टळलं की भूक जागी करून खर्ची पडलेला साठा भरून घ्यायचा, हे त्याच्याकडे. जीव घेऊन पळालेल्या हरणासाठी ही व्यवस्था अगदी चोख आहे. आपण पळत नाही, ही आपली पंचाईत. साहेबांचा व्हॉट्सॲप येतो, ‘जरा येऊन जा’. छाती धडधडते, तळहात ओले होतात, रक्तात साखर उतरते, सगळी जय्यत तयारी होते आणि आपण खुर्चीतून उठून पंधरा पावलांवरच्या केबिनमध्ये जातो. भिडणं नाही, पळणं तर नाहीच. शरीराच्या दप्तरी मात्र ‘दौरा झाला’ अशी नोंद पडते. आणि सरकारी कचेरीची हवा ज्याला माहीत आहे त्याला हेही माहीत आहे, की दौऱ्याची नोंद पडली की प्रवासभत्त्याचं बिल निघतंच. संध्याकाळी सहा वाजता ‘काहीतरी चटपटीत पाहिजे बुवा’ असं जे आतून उमटतं, ते हे बिल.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या लाव्हाल विद्यापीठातला एक प्रयोग बघावा. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चौदा विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या वेळी पाऊण-पाऊण तासाची कामं दिली. एकदा नुसतं बसून राहायचं, एकदा मजकूर वाचून सारांश लिहायचा, एकदा संगणकावर स्मरणशक्तीच्या नि एकाग्रतेच्या चाचण्या सोडवायच्या. त्यानंतर हवं तेवढं जेवायला घातलं. नुसतं बसण्यापेक्षा डोक्याच्या कामाला साधारण तीन कॅलरी जास्त लागल्या होत्या. जेवताना मात्र सारांशानंतर २०३ आणि चाचण्यांनंतर २५३ कॅलरी जास्त पोटात गेल्या. तीन कॅलरींच्या दौऱ्याला अडीचशेचा भत्ता! एका वडापावाची बेगमी साधारण तेवढ्यात होते. चौदा जणांच्या प्रयोगावर कुणी सिद्धांताचे इमले बांधू नयेत हे मान्य, पण कचेरीत चार वाजता चहाबरोबर खारी का लागते आणि ती खाताना ‘आज डोकं फार चाललं’ असं का म्हटलं जातं, याचा अंदाज येतो. डोकं फार चाललं म्हणून मेंदूचा खर्च वाढत नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांचा आणि खर्चात वीस टक्क्यांचा. हा वीस टक्क्यांचा खर्च मालक जीएसटीचं रिटर्न भरत असो की तोंड उघडं टाकून टीव्ही पाहत असो, जवळपास तेवढाच राहतो.

बिलात कोणकोणत्या वस्तू लावल्या जातात तेही पाहण्यासारखं आहे. ताणानं गांजलेल्या माणसाला दोडक्याची आठवण झाल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. त्याला आठवतं ते तळलेलं, खारट नाही तर गोड. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली उंदरांवरच्या कामातून असं मांडलं, की दीर्घकाळ ताणाखाली असलेला प्राणी साखर आणि स्निग्ध पदार्थांकडे वळतो आणि ते खाल्ल्यावर त्याच्या मेंदूतली ताणाची यंत्रणा खरोखरच जराशी निवते. म्हणजे फरसाण खाऊन बरं वाटतं हा मनाचा खेळ नव्हे. औषध लागू पडतं, म्हणून तर ते सुटत नाही. रात्री अकराला हे औषध घेण्याची एक पद्धत ठरून गेली आहे. स्वयंपाकघरातला दिवा लावायचा नाही, पॅसेजमधला उजेड पुरतो. डब्याचं झाकण आवाज होऊ न देता उचकटायचं. वाटी घ्यायची नाही, कारण वाटी घेतली की ‘खाल्लं’ असं होतं. उभ्यानं, बोटांनी, आधी शेव बाजूला सारून खालचे शेंगदाणे वेचायचे. मग झाकण लावायचं, दोन पावलं जायचं आणि परत यायचं, कारण चव तिखटावर सोडवत नाही, काहीतरी गोड हवं. या खाण्याची नोंद जगातल्या एकाही डाएटच्या वहीत झालेली नसेल. शिवाय वेळही चुकीची. रात्री शरीर साखर हाताळायला दिवसाइतकं तत्पर नसतं, त्यामुळे तोच घास सकाळच्या मानानं रक्तातली साखर जास्त वर नेतो.

भत्ता मंजूर झाला की तो जमा होतो पोटावर. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी साठते, ती कॉर्टिसोलचा हुकूम कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त तत्परतेनं पाळते. हे टोकाला गेलं की काय दिसतं, त्याचं वर्णन अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी करून ठेवलं आहे. गोल गरगरीत चेहरा, सुटलेलं पोट आणि काटकुळे हातपाय. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्या तरी असंच होतं. (म्हणून त्या गोळ्या कुणी परस्पर बंद करू नयेत, एकदम थांबवल्या तर जिवावर बेततं.) कुशिंगचा आजार दुर्मीळ आहे आणि घरच्या-दारच्या टेन्शननं कॉर्टिसोल त्या पातळीला पोचत नाही. तेव्हा आरशात बघून स्वतःच निदान करण्याची घाई नको. पण पोटाच्या बाबतीत आपल्याला गाफील राहून चालणार नाही, आणि याचा पुरावा थेट पुण्यातून आलेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचा जोडीनं काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आतून मात्र दुपटीहून जास्त तफावत. पुण्याभोवतीच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांच्या मानानं किरकोळ, पण चरबी राखण्यात मुळीच मागे नाहीत, हेही याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे हे खातं आपण जन्मतःच उघडून आलेलो असतो. ‘मी कुठे जाडा आहे?’ हा प्रश्न म्हणून मराठी माणसानं शर्ट खोचून विचारावा, सोडून नव्हे.

यावर हिशेबी मंडळींचा आक्षेप येतो तो असा: आत गेलेल्या कॅलरी वजा जळलेल्या कॅलरी, बाकी उरेल ती चरबी, हार्मोनबिर्मोन सब झूट. वजाबाकीत चूक काढता येत नाही. पण शिल्लक किती हे वजाबाकी सांगते, हात डब्याकडे का गेला हे सांगत नाही. शिकागोला ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटानं बारा धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं आणि दुसऱ्या खेपेला दोन रात्री दहा तास. कमी झोपेच्या खेपेला पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर आढळलं, आणि तरुणांची भूक स्वतः त्यांच्याच सांगण्याप्रमाणे २४ टक्क्यांनी वाढली. हे २००४ सालचं काम. त्या तरुणांना ‘मोजून खा रे’ असं सांगणं म्हणजे भत्त्याची बिलं छापायचं यंत्र चालू ठेवून खजिनदाराला दम देण्यासारखं. मोजण्याचीही एक गंमत आहे. २०१० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात १२१ स्त्रियांपैकी काहींना तीन आठवडे रोज १२०० कॅलरींवर ठेवलं, काहींना नुसत्या कॅलरी मोजायला लावल्या. ज्यांनी खाणं तोडलं त्यांचं कॉर्टिसोल वाढलं, ज्या मोजत बसल्या त्यांना ताण जास्त जाणवू लागला. टेन्शनवरचा इलाज म्हणून घेतलेल्या डाएटनं टेन्शन वाढावं, हा प्रकार सासऱ्याच्या घरी विश्रांतीला गेलेल्या जावयालाच कळेल.

दुसरा आक्षेप सडपातळ लोकांचा. ‘टेन्शन आलं की मला अन्न जात नाही, मी तर वाळतो.’ तेही खरंच बोलतात. ताण ताजा आणि तीव्र असेल तर कॅननच्या मांजरासारखं आपलंही जठर संप पुकारतं. दहावीच्या निकालाच्या सकाळी घराघरांत पोहे उरतात ते त्यामुळे. लांबलेल्या ताणाचं गणित वेगळं. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात कामाचा ताण आणि वजन यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा पुरुषांमध्ये असं दिसलं की ताणाखाली मुळात बारीक असलेले आणखी उतरले आणि मुळात जाड असलेले आणखी वाढले. ज्याच्याकडे जे आहे त्याला तेच आणखी द्यायचं, हा ताणाचा न्याय काही फारसा नवा नाही. याच अभ्यासात कामाचा ताण वर्षानुवर्षं मुरलेल्यांमध्ये पोट, साखर, रक्तदाब अशा तक्रारी एकत्र असण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं.

तिसरा आक्षेप म्हणजे महाराष्ट्राचं घरगुती महायुद्ध. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा. ज्या घरात नवरा एका पक्षात आणि बायको दुसऱ्या, त्या घरातली शेगडी कधी विझते हा संशोधनाचा विषय आहे. यात कोण बरोबर, हा निकाल देण्याच्या भरीला मी पडणार नाही. दोन्हीकडे बारीक झालेली माणसं आहेत आणि दोन्हीकडे आठवडाभरात परतलेलीही. एवढंच नोंदवतो, की रात्री अकराचं अंधारातलं फरसाण या दोघांपैकी कुणीही सुचवलेलं नाही. भांडण किती वेळा खावं याचं आहे, आणि वजन वाढतं ते न मोजलेल्या वेळांमुळे. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीनं काय होतं ते आपल्या पूर्वजांनी ‘दुप्पट खाशी’ या दोन शब्दांत आटोपलंय, तिथे मी जास्त काय लिहू?

राहिला थकवा. एवढा भत्ता उचलूनही अंगात शक्ती का नसते? शक्ती साठवणं आणि ती वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. रात्री उशिरा जेवून झोप तुकड्यातुकड्यांत लागते, सकाळी डोळे उघडत नाहीत म्हणून चहा, अकराला पुन्हा, चारला पुन्हा, सहाला साहेब गेल्याच्या आनंदात आणखी एक. कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास घेतं, त्यामुळे सहाचा चहा अकराला बिछान्यात निम्मा जागा असतो, आणि त्याच्यासोबत आपण. या चक्राला हल्ली ‘ॲड्रिनल फटीग’ असं भारदस्त नाव देऊन बाटल्या विकल्या जातात. दोन ब्राझिलियन संशोधकांनी २०१६ साली ५८ अभ्यास चाळून असा कुठला आजार असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. थकवा खरा आहे, नाव खोटं आहे. आणि खऱ्या थकव्याची साधी कारणं आपल्याकडे ढिगानं पडली आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊन ओटा पुसणाऱ्या बाईला कॉर्टिसोलची पावडर देण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघावं, आणि तिला पहिल्या पंगतीला बसवावं.

शेवटी सल्ला उरतो तो ‘टेन्शन घेऊ नका’ हा. तो देणाऱ्याला बहुधा टेन्शन द्यायची सवय असते. कुणीही टेन्शन हौसेनं घेत नाही. ते साहेब देतो, बँकेचा हप्ता देतो, विरार लोकल देते. ते थांबवणं आपल्या हातात फारसं नाही. बिल निघणार, हे धरूनच चालावं. मग निदान थोडा तरी दौरा करावा. आपल्याकडे जेवणानंतर शतपावली घालण्याची रीत होती, आजोबांबरोबर ती गेली. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात २०१६ साली मधुमेहींना आळीपाळीनं दोन प्रकारे चालवून पाहिलं: दिवसात कधीही सलग तीस मिनिटं, आणि प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. जेवणानंतर चालल्यानं जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणापुरतं पाहिलं तर २२ टक्क्यांनी. मोबाइल घरी ठेवावा, नाही तर बातम्या वाचत चालताना नवा दौरा मंजूर व्हायचा. आणि वजनकाट्यावर रोज चढण्याऐवजी महिन्यातून एकदा शिंप्याकडची टेप कमरेला लावावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती धरायची. भारतीय पुरुषानं ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीनं ८० च्या आत असावं. माप श्वास सोडून घ्यायचं असतं, पोट आत ओढून घेतलेलं धरत नाहीत.